रक्तातील जुनी ओळख



घाटकोपरच्या चाळीत म्हणा, मुलुंडच्या सोसायटीत म्हणा, एका घरात कुणाला क्षयरोग निघाला, की बाकीची मंडळी विचारतात, ‘आमचे काय? रक्त तपासून कळेल का?’ कळते, पण काय कळते आणि काय कळत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत ‘टी पेशी’ नावाची एक जात आहे. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्या तयार होतात, म्हणून हे नाव. शत्रूचा जो तुकडा त्या ओळखतात, त्याला प्रतिजन म्हणतात. एक टी पेशी सारे जंतू ओळखत नाही. तिची ओळख ठरलेली. जंतू एकदा शरीरात शिरला, की त्याला ओळखणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि त्यांतल्या काही पुढे वर्षानुवर्षे टिकतात. त्या सापडल्या, तर जंतूशी गाठ पडली होती हे समजते.

पण शोधायच्या कशा? एका मिलिलिटर रक्तात पंधरा-वीस लाख लिम्फोसाइट पेशी असतात आणि हव्या त्या पेशी हजारांत एखादी, कधी लाखात एखादी! संध्याकाळी घाटकोपर स्थानकावर मेट्रो आणि लोकल यांची गर्दी एकत्र होते. तीत तुमचा माणूस शोधायचा, तर काय कराल? नावाने हाक माराल आणि कोण मागे वळतो ते पाहाल. प्रयोगशाळाही तेच करते.

रक्त काही नळ्यांत घेतात. एकीत क्षयजंतूची विशिष्ट प्रथिने असतात. ही झाली हाक. दुसरीत काहीच नसते. तिसरीत सगळ्याच टी पेशींना डिवचणारे द्रव्य असते. नळ्या ३७ अंश सेल्सिअसवर १६ ते २४ तास ठेवतात. ओळख पटलेल्या पेशी ‘इंटरफेरॉन गॅमा’ नावाचे द्रव्य सोडतात, ते मोजायचे. तिसऱ्या नळीतही पेशी गप्प राहिल्या, तर निकाल धरता येत नाही.

दुसरी रीत ‘एलिस्पॉट’. येथे पेशी एका विशेष पडद्यावर पसरतात. जी पेशी द्रव्य सोडते, तिच्या जागी ठिपका उमटतो. ठिपके मोजले, की पेशी मोजल्या.

तिसरी रीत १९९६ साली पुढे आली. तीत हाक मारायची नाही, चेहऱ्यावरूनच ओळखायचे. प्रतिजनाचा तुकडा शरीरात ज्या रेणूवर मांडला जातो, तसे चार रेणू एकत्र जोडून त्यांना चमकणारा रंग लावतात. हे ‘टेट्रामर’ नेमक्या पेशीला चिकटते आणि लेसरच्या प्रकाशात ती पेशी उठून दिसते. मात्र हा रेणू माणसागणिक निराळा असल्याने ही रीत मुख्यतः संशोधनात वापरतात.

मांटू चाचणी १९०८ सालापासूनची. हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. पण बीसीजी लशीमुळेही ती गाठ उठू शकते. रक्ताच्या चाचणीतील प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात, हा तिचा मोठा फायदा.

आता मुख्य गोष्ट. निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे क्षय झाला, असे नव्हे बरे का! जंतूशी ओळख झाली, एवढेच त्याचे म्हणणे. अशा शंभरांतील पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात रोग होतो. उलट, एचआयव्हीसारख्या आजारात टी पेशी दुबळ्या होतात, आणि निकाल ‘निगेटिव्ह’ येऊनही जंतू असू शकतो. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला, ताप किंवा वजन घटणे असेल, तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे यांना पर्याय नाही. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर तर सरकारने २०१२ सालीच बंदी घातली.

रोग नाही अशी खात्री झाल्यावर घरातील मंडळींना प्रतिबंधक औषध देता येते. पाच वर्षांखालील मुलासाठी त्याकरिता या चाचणीची वाटही पाहावी लागत नाही. तेव्हा घरात रुग्ण असेल, तर नुसता रक्ताचा कागद हाती घेऊन घाबरू नका, की निश्चिंतही होऊ नका. सगळ्या घराला घेऊन जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा.