फॉलचा कोट कुणाच्या मागावरचा?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय ऐकून थोडं हसू येईल. परदेशात पुरुषांच्या कपड्यांचे मोठमोठे फॅशन शो होतात. त्यातल्या 'फॉल' हंगामाबद्दल आज बोलायचं आहे. फॉल म्हटलं की आपल्याला साडीचा फॉल-बिडिंग आठवतं. हा फॉल वेगळा. अमेरिकेत पानगळीच्या दिवसांना फॉल म्हणतात, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. तिकडे तेव्हा थंडी सुरू होते. लोक कोट, स्वेटर, मफलर बाहेर काढतात. त्या दिवसांत घालायच्या कपड्यांचा हंगाम तो फॉल सीझन.

कुणी म्हणेल, पॅरिसच्या पुरुषांनी काय घालावं याच्याशी आपलं काय देणंघेणं? बरोबर आहे. पण आपल्यातल्या कितीतरी जणी शिवणकाम करतात, गोधड्या शिवतात, पिशव्या करतात, प्रदर्शनात स्टॉल लावतात. माल आपण करायचा आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. त्या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर या फॉलच्या कोटात शिवलेलं आहे. म्हणून हा विषय घेतला.

आधी हा कारभार कसा चालतो ते पाहू. थंडीचे कपडे रॅम्पवर दिसतात ते जानेवारीत. इटलीत फ्लॉरेन्स आणि मिलान, मग फ्रान्समध्ये पॅरिस, असे ओळीने शो आणि प्रदर्शनं होतात. ते पाहून दुकानदार मागणी नोंदवतात आणि माल दुकानात येतो साधारण जुलै-ऑगस्टपासून. कोटाचं कापड तर त्याच्याही आधी ठरलेलं असतं. म्हणजे पुढच्या वर्षीच्या थंडीत कुणी काय घालायचं, याची तयारी यंदाच्या थंडीतच सुरू झालेली असते. शेतकरी पेरणीआधी बियाणं ठरवतो, तसंच हे.

आता तिथे दिसतं काय? गेल्या काही वर्षांत पुरुषांच्या पँटी पुन्हा रुंद झाल्या आहेत. आपल्याकडे एके काळी बेलबॉटम आली, गेली, मग पायाला चिकटणाऱ्या पँटी आल्या, तसंच तिकडेही झालं. साधारण २००० नंतर सगळं अंगाला चिकटणारं होतं. आता खांदे रुंद, कोट लांब, पँटीला चुण्या. रंग तपकिरी, मातकट, शेवाळी. आणि कापडात लोकर, कॉर्डरॉय, जाड विणीचे स्वेटर.

पण जरा नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. श्रीमंतांच्या अंगावरचे हे कपडे मुळात कष्टकऱ्यांचे आहेत. आतून लोकर असलेला मेंढीच्या कातड्याचा कोट मेंढपाळाचा. जाड विणीचा स्वेटर आयर्लंडच्या बेटांवरच्या कोळ्यांचा, त्यांच्या घरच्या बायकांनी विणलेला. निळं जाड जाकीट फ्रान्सच्या कामगारांचं. पट्ट्याचा लांब ट्रेंच कोट पहिल्या महायुद्धात खंदकात लढणाऱ्यांचा. रॅम्पवर चढला की किंमत वाढते आणि मूळ माणसाचं नाव हळूच पुसलं जातं.

एका कापडाचं नाव मात्र पुसलं गेलं नाही. त्याचीच गोष्ट सांगते. त्या कापडाचं नाव हॅरिस ट्वीड.

ट्वीड म्हणजे लोकरीचं जाडसर, खरखरीत कापड. स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात लुईस, हॅरिस, यूइस्ट, बारा अशी बेटं आहेत. त्यांना आउटर हेब्रिडीज म्हणतात. वारा इतका की झाडं फार वाढत नाहीत. जमीन खडकाळ. लोक अल्पभूधारक: तुकडाभर शेत, थोड्या मेंढ्या, थोडी मासेमारी. घरच्या मेंढ्यांची लोकर घरीच कातायची आणि घरीच विणायची. दगडावर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी खरवडून त्याचा तांबूस तपकिरी रंग काढायचा. आपण काळ्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याच जातकुळीतलं ते. विणलेलं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका एका लांब फळीभोवती बसायच्या आणि ओलं कापड सगळ्या मिळून तालात आपटायच्या. ताल राहावा म्हणून गाणी म्हणायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्या तशी त्यांची ही कापडाची गाणी.

१८४० च्या दशकात हॅरिस बेटाच्या जमिनदारीण बाईंनी, लेडी डनमोर यांनी, आपल्या इस्टेटीवरच्या नोकरांसाठी हे कापड विणून घेतलं. ते दिवस वाईट होते. बटाट्यावर रोग पडला होता, लोक उपाशी होते. बाईंनी काही मुलींना चांगलं विणकाम शिकायला बाहेर पाठवलं आणि ओळखीच्या श्रीमंत घरांत कापड दाखवलं. शिकारीला जाणाऱ्या साहेब लोकांना ते आवडलं. पाऊस-वाऱ्यात टिकतं, काट्यात फाटत नाही. झालं, गोरगरिबांचं कापड मोठ्यांच्या कोटात गेलं.

मागणी वाढली तशी नक्कल आली. दुसरीकडच्या गिरण्यांतलं कापड 'हॅरिस ट्वीड' म्हणून विकलं जाऊ लागलं. इथे बेटावरच्या लोकांनी शहाणपण केलं. त्यांनी एक संस्था उभी केली आणि १९१० साली एक शिक्का नोंदवून घेतला. गोल आणि त्यावर क्रॉस असा तो शिक्का आहे. तपासलेल्या कापडावरच तो मारायचा. पुढे सूत बाहेरून आणलं तर चालेल का, यावर वाद कोर्टात गेला. १९६४ साली निकाल लागला की काम सगळं बेटांवरच झालं पाहिजे. आणि १९९३ साली ब्रिटनच्या संसदेने या एका कापडासाठी कायदाच केला.

कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण मुद्दा तिथेच आहे. लोकर शुद्ध, नवी. रंगवणं आणि कातणं बेटांवर. विणणं हातमागावर, आणि तेही विणकराच्या स्वतःच्या घरी. शेवटची धुलाई-तपासणीही बेटांवरच. आजही गिरणीची गाडी सूत घेऊन विणकराच्या दारात येते. विणकर घराशेजारच्या शेडमध्ये पायाने चालणाऱ्या मागावर कापड विणतो. वीज त्या मागाला लागत नाही. मग कापड गिरणीत जातं आणि शिक्का बसतो. मिलानच्या शिंप्याला हॅरिस ट्वीडचा कोट करायचा असेल, तर त्याला या बेटांवरचंच कापड घ्यावं लागतं. दुसरीकडे कितीही स्वस्त मिळालं तरी ते नाव लावता येत नाही.

'घरी विणलेलं' हे शब्द कायद्यात आहेत, मैत्रिणींनो. घरी केलेलं काम म्हणजे फावल्या वेळचं, म्हणून कमी पैशाचं, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. तिथे घरी केलं हीच त्या मालाची खरी ओळख ठरली.

पण एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. फॅशनचं वारं फिरलं की मागणी पडते. १९६६ साली या बेटांवर ७० लाख वारांहून जास्त कापड विणलं गेलं होतं. पुढे हलके, चिकटणारे कपडे आले आणि मागं बंद पडत गेले. २००४ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीने बुटांवर लावायला हजारो मीटर कापड मागवलं, तेव्हा विणकरांना थोडा श्वास मिळाला. मग २००६ च्या अखेरीस इंग्लंडच्या एका गिरणीमालकाने बेटावरची सगळ्यात मोठी गिरणी विकत घेतली. तिथे कापडाचे काही हजार नमुने होते. त्याने ठरवलं, फक्त चारच ठेवायचे, आणि ते कापड दुसऱ्या कुणाला न विकता त्याचे पुरुषांचे कोट आपणच शिवून विकायचे.

चार नमुने! नेहमीची गिऱ्हाइकं तुटली. कोट पडून राहिले. कितीतरी विणकरांच्या हातचं काम गेलं. शिक्का होता, कायदा होता, नाव होतं, तरी चूल थंड. कारण काम देणारा जवळजवळ एकच उरला होता.

सुटका कशी झाली? २००७ मध्ये त्याच बेटावरची दुसरी एक बंद पडलेली गिरणी नव्याने सुरू झाली. तिने पुन्हा वेगवेगळे नमुने काढले, वेगवेगळ्या देशांत अनेक गिऱ्हाइकं शोधली. नवीन पोरापोरींना विणकाम शिकवलं गेलं. आणि फॅशन पुन्हा लोकरीच्या जाड कोटाकडे वळली, तेव्हा माल द्यायला हात तयार होते.

आता आपल्याकडे येऊ. पुरुषांच्या रॅम्पवर महाराष्ट्रसुद्धा जाऊन आला आहे. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. तो पुढच्या उन्हाळी हंगामाचा होता. त्यात पोरांच्या पायात जी चप्पल दिसली, ती पाहून आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा म्हणालं असतं, ही तर कोल्हापुरी! कंपनीने मात्र तिला नुसती चामड्याची सँडल म्हटलं. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिरांचं नाही. खूप ओरड झाली. मग कंपनीने मान्य केलं की ही प्रेरणा भारतातल्या परंपरागत चपलेची आहे. त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे असं त्यात ठरलं. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला लोक जीआय टॅग म्हणतात. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे. पण असं मानांकन त्या त्या देशापुरतं चालतं. भारतातला टॅग इटलीत आपोआप लागू होत नाही. म्हणून तिथे कायद्याने नाही, लोकांच्या ओरडण्याने काम झालं. आणि ओरडणाऱ्यांकडे दाखवायला नोंदणीचा कागद होता, त्याचंही बळ मिळालं. या चपलेची बारीक वेणी घालण्याचं काम कितीतरी घरांत बायका करतात, हेही लक्षात ठेवा. कारागीर म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. कागदावरही त्याचंच नाव लागतं.

म्हणून चार गोष्टी सांगते. पुढच्या बैठकीत यावर बोला.

पहिली. आपल्या गावात, आपल्या भागात असं काय होतं जे दुसरीकडे तसं होत नाही, त्याची यादी करा. गोधडी असेल, घोंगडं असेल, मसाला असेल. कोण करतं, कशापासून, किती दिवसांत, हे वहीत तारीख घालून लिहा. फोटो काढून ठेवा. उद्या कुणी नक्कल केली तर ही वही बोलेल.

दुसरी. तुमच्या मालाला आधीच जीआय असेल, तर नुसता टॅग असून भागत नाही. ते नाव वापरायला प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. जी बाई काम करते तिच्या नावाने ती नोंदणी व्हावी, नुसती घरच्या पुरुषाच्या नावाने नको.

तिसरी. गटाची स्वतःची एक खूण ठरवा आणि ती राखा. खुणेला किंमत येते ती नियमामुळे. कच्चा माल आपल्या माणसाने आणलेला असो नाहीतर ओळखीच्या बाईचा, ठरल्यापेक्षा कमी दर्जाचा असेल तर त्यावर खूण लावायची नाही. तिथे भीड धरली की खूण गेलीच.

चौथी. एकाच गिऱ्हाइकावर बसू नका. मोठी ऑर्डर आली की आनंद होतो, पण तीच एक वाट राहिली तर ती बंद होईल त्या दिवशी सगळा गट बसेल. लहान गिऱ्हाइकं सोडू नका. जुने नमुने मोडीत काढू नका, चिंध्यांच्या गाठोड्यात का होईना, एकेक तुकडा जपून ठेवा. पॅरिसमध्ये पँटी रुंद झाल्या, पुन्हा अरुंद होतील. कोट लांब झाले, पुन्हा आखूड होतील. त्यावर आपला ताबा नाही. नमुना, नियम आणि नाव या तिन्हींवर मात्र ताबा ठेवता येतो.

यंदा कुठे टीव्हीवर, मोबाइलवर फॉलचे शो दिसले, तर पोरांच्या चालण्याकडे पाहून हसा, हरकत नाही. पण कापडाकडेही बघा. हे कुणी कातलं असेल, कुणी विणलं असेल, त्या बाईचं नाव कुठे लिहिलंय का, एवढं एकमेकींना विचारा. आणि मग आपल्या पिशवीवर, आपल्या गोधडीवर आपलं नाव कुठे घालायचं ते ठरवा.

तुमच्या गटात काय ठरलं ते केंद्रावर नक्की कळवा.