स्नायूतले दावे

दाव्याचे एक टोक खुंट्याला, दुसरे जनावराच्या गळ्यात. दोन्ही गाठी पक्क्या असल्या, तरच ते कामाचे. आपल्या स्नायूंतही असेच एक दावे आहे. डिस्ट्रोफिन हे त्या प्रथिनाचे नाव. १९८७ साली अमेरिकेत बॉस्टन येथे लुई कुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखले. त्याचे एक टोक स्नायुपेशीतल्या ॲक्टिन नावाच्या तंतूला धरते, दुसरे पेशीच्या नाजूक आवरणाला. मधे २४ पिळांची लवचिक दोरी. स्नायू आखडला की आवरणाला बसणारा हिसका ती सोसते.

हे दावेच नसले, तर आवरण फाटत जाते आणि स्नायू झिजतो. हाच डुशेन रोग; तो बहुधा मुलग्यांनाच होतो. नवल असे, की मधले काही पीळ कमी असले पण दोन्ही गाठी शाबूत असल्या, तर दुखणे पुष्कळदा सौम्य राहते!

गुरुजी, वर्गात पोटऱ्या भरदार, तरी धावताना पडणारा, आणि उठताना मांड्यांवर हात टेकत आपल्याच अंगावर चढल्यागत उभा राहणारा मुलगा दिसला, तर आळशी म्हणून त्याला छडी मारू नका. मोठ्या इस्पितळात धाडा. रोग समूळ जात नाही, पण औषधांनी पोराचे चालणे काही वर्षे अधिक टिकते. आणि घरच्यांनी आईला बोल लावू नये. अशा तिघांतल्या सुमारे एका मुलात हा दोष नव्यानेच उपजतो, आईत तो नसतोच.