‘आलोच, एवढी मॅच संपू दे’: गेम, घर आणि नोकरी

 

‘आलोच, एवढी मॅच संपू दे.’ हे वाक्य या आठवड्यात किती जणांनी म्हटलंय? करा हात वर. मला दिसत नाहीत, तेव्हा लाजायचं कारण नाही.

आज बोलूया गेमिंगबद्दल. पण कॉलेजमधल्या गेमिंगबद्दल नाही. नोकरी लागलीय, लग्न झालंय, घरात लहान मूल किंवा वयस्कर आईवडील आहेत, आणि तरीही खेळावंसं वाटतं, त्याबद्दल. पैसे लावून खेळायचे गेम बाजूला ठेवूया. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आलीय, आणि तो छंदच वेगळा.

मी स्वतः खेळतो. बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या. माझं ऑफिस साडेनऊचं. मुलगी साडेतीन वर्षांची. मुलगी झाल्यावर बायको पुन्हा कामावर रुजू व्हायच्या आधी आम्ही दोघं वेळापत्रक आखायला बसलो. दूध कोण तापवणार, रात्री कोण उठणार, सगळं कागदावर. माझ्या गेमचा विषय निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “खेळ की. फक्त कधी उठशील ते आधी सांग.”

मला वाटलं होतं ती तास मोजेल. एक तास खेळ, दोन तास खेळ, असं. पण तिचा प्रश्न तासांचा नव्हताच. तिला ड्युटीवर निघायचं असतं, पोरगी रडत असते, आणि समोरचा माणूस दोन मिनिटांत उठणार की पंचवीस, हे माहीत नसतं. खरा वैताग त्याचा असतो.

आता हे गेमच्या बाजूने बघा. बीजीएमआयमध्ये एरँगलची क्लासिक मॅच. शंभर जण उतरतात. उतरल्या उतरल्या आउट झालात तर पाच मिनिटांत मोकळे. शेवटच्या झोनपर्यंत टिकलात तर अर्धा तास सहज जातो. म्हणजे जितकं चांगलं खेळाल तितका उशीर! आणि पॉज नाही. स्क्वॉडमधून मध्येच उठलात तर उरलेल्या तिघांची पंचाईत. ‘दोन मिनिटं’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो हो, त्यालाच माहीत नसतं!

याउलट बुद्धिबळाचा ऑनलाइन डाव घ्या. दोघांना दहा-दहा मिनिटं, वर जादा सेकंद नाहीत. काहीही झालं तरी वीस मिनिटांत निकाल. किंवा स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने बनवलेला शेतीचा गेम, २०१६ चा, आता फोनवरही आहे. त्यातला एक पूर्ण दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा. पात्र झोपलं की गेम सेव्ह. आमच्या लेकीला घड्याळ कळत नाही, पण हे कळतं. ती शेजारी येऊन बसते आणि विचारते, “झोपला का तो?” झोपला की फोन खाली आणि मी तिचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘किती वेळ खेळू’ याच्या आधी ‘हा गेम मला कधी सोडेल’ हे विचारा. घरातले सगळे जागे असताना पॉज होणारा किंवा ठरलेल्या वेळात संपणारा गेम. आणि न थांबणारी मॅच अशा वेळी, जेव्हा घरात कुणाला तुमची गरज लागणार नाही. आमच्याकडे ती वेळ म्हणजे शनिवारी रात्री, बायकोला रविवारी सुट्टी असेल तेव्हा. स्क्वॉडलाही आधीच सांगितलंय: साडेदहाला सुरू, बारानंतर नवी मॅच नाही. एक मित्र चिडवतो, “वहिनींची परवानगी मिळाली का रे?” चिडवू दे. तोही हल्ली बाराला जांभया देतो.

दुसरी गोष्ट रँकची. सीझन संपला की रँक खाली येतो आणि चढण पुन्हा सुरू. त्यात रोजची मिशन्स, रोजच्या लॉगिनचं बक्षीस. म्हणजे ऑफिसात एक मस्टर आणि गेममध्ये दुसरं! छंदाला हजेरी लागायला लागली की तो छंद राहत नाही, बिनपगारी नोकरी होते. मी रोजची मिशन्स सोडून दिली. काहीही बिघडलं नाही.

आणि आता थोडं गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केलाय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. तिथे तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा उरलाय का, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ झालाय का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे का. हे सहसा वर्षभर टिकलेलं असावं लागतं आणि घर, काम, अभ्यास यांवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. तसं वाटत असेल तर वेळापत्रकाने भागणार नाही. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, त्यात लाज कसली?

पण बहुतेकांचं दुखणं तेवढं मोठं नसतं. दिवसभर बॉसचं ऐकल्यावर अर्धा तास आपला असावा, एवढंच मागणं असतं. ते रास्त आहे. मात्र घरात जो दुसरा माणूस आहे, त्यालाही असा अर्धा तास मिळतो का? माझी बायको गेम खेळत नाही. ती तिच्या अर्ध्या तासात गच्चीवर एकटी बसते, फोन खालीच ठेवून. तेव्हा पोरगी माझ्याकडे, आणि ‘आई कुठंय’ला उत्तर द्यायचं काम माझं.

तर आज रात्री फोन हातात घ्याल तेव्हा एक करून बघा. ‘पाच मिनिटं’ म्हणू नका. घड्याळातली वेळ सांगा, ‘नऊ चाळीसला उठतो.’ आणि नऊ चाळीसला उठा. आठवडाभर जमलं तर घरात काय फरक पडला, ते मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि वेळेवर जेवायला या!