अध्यासनाचे दान

(एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विभागांसाठी कायम निधी उभारण्याचा संकल्प आज येथे सोडला जात आहे. अशा प्रसंगी एखाद्या उद्योगपतीला बोलवावे, हा शिष्टाचार. आपण एका पत्रकाराला बोलावलेत. मी कलाशाखेचा पदवीधर. प्रयोगशाळेचा आणि माझा संबंध दारापुरताच आला. परंतु बातमीदारीच्या निमित्ताने देणगी समारंभ मात्र पुष्कळ पाहिले. शाळेची खोली, वसतिगृह, सभागृह, प्रवेशद्वार यांना दाते मिळतात. कोनशिला बसते, पडदा सरकतो, छायाचित्र निघते. यात वावगे काही नाही. पण संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाच्या वेतनासाठी, पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या विद्यावेतनासाठी, नियतकालिकांच्या वर्गणीसाठी कोणी देणगी दिली आणि तिचा समारंभ झाला, असे प्रसंग बोटांवर मोजावेत इतकेच. माणसाच्या डोक्यावर संगमरवरी पाटी बसवता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

आपल्या देशात या दानाची फार मोठी परंपरा आहे आणि ती सांगायची तर कलकत्त्याला जावे लागेल. त्या वाटेची सुरुवात मात्र मुंबईतच होते.

प्रेमचंद रायचंद हे नाव मुंबईकरांना राजाबाई टॉवरमुळे ठाऊक आहे. कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळवलेल्या या गृहस्थाने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव दिले. आपल्याला सहसा माहीत नसते ते हे, की त्याच दशकात त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. तेथे त्या पैशाची इमारत झाली नाही. त्याच्या व्याजातून उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांची दौलत बुडाली. विद्यापीठात पडलेले दोन लाख मात्र बुडाले नाहीत. १८८६ साली ही प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती गणितात विलक्षण गती असलेल्या एका बावीस वर्षांच्या तरुणाला मिळाली. त्याचे नाव आशुतोष मुखर्जी.

आपल्या वाचकवर्गाला आशुतोषबाबूंची ओळख बहुधा डॉ. श्यामाप्रसादांचे वडील म्हणून असते. श्यामाप्रसादही पुढे १९३४ ते १९३८ या काळात त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण वडिलांचे कर्तृत्व स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे आहे. १८५७ साली स्थापन झालेली आपली विद्यापीठे ही अर्धशतकभर केवळ परीक्षा घेणारी कार्यालये होती. विद्यापीठाने स्वतः शिकवावे, संशोधन करावे, ही सोय १९०४ च्या कायद्याने झाली. तिच्यासाठी पैसा मात्र कोणी ठेवला नाही. १९०६ मध्ये आशुतोष कुलगुरू झाले. उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सांभाळून ते हे काम करीत होते. पदव्युत्तर विभाग उभे करायचे तर पैसा हवा, आणि सरकारकडे तो मागावा तर सरकार उदासीन. तेव्हा ते आपल्याच व्यवसायबंधूंकडे वळले.

पहिले होते बॅरिस्टर तारकनाथ पालित. वय ऐंशीच्या घरात. १९१२ साली त्यांनी रोख रक्कम आणि स्थावर मिळून सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केली. दुसरे डॉ. रासबिहारी घोष. हे नाव मराठी माणसाने ऐकलेले असते ते वेगळ्याच संदर्भात. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस उधळली, तिचे हे नियोजित अध्यक्ष. टिळकपक्षाचा त्यांच्या निवडीला विरोध होता आणि व्यासपीठावर भिरकावला गेलेला तो सुप्रसिद्ध जोडाही मराठी होता! त्या गोंधळात आपण या माणसाला मवाळ म्हणून बाजूला ठेवले ते कायमचेच. याच मवाळ वकिलाने १९१३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख दिले, १९१९ मध्ये आणखी अकरा लाखांहून अधिक दिले. ही सगळी रक्कम वकिलीची, घाम गाळून मिळवलेली.

आता या दोघांनी दानपत्रात काय लिहिले ते पाहा. पालितांच्या पैशातून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची दोन अध्यासने निर्माण व्हायची होती. घोषांच्या पहिल्या देणगीतून उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र अशी चार अध्यासने, शिवाय संशोधक विद्यार्थ्यांसाठी विद्यावेतने. आणि अट अशी की, या अध्यासनांवर नेमला जाणारा प्राध्यापक भारतीय आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला असला पाहिजे.

आज ही अट संकुचित वाटेल. त्या काळात जाऊन पाहिली तर तिचा अर्थ उमगतो. शिक्षण खात्याची वरिष्ठ श्रेणी व्यवहारात इंग्रजांसाठी राखीव होती. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोची डी.एससी. घेऊन आले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात २५० रुपयांवर तात्पुरते नेमले गेले. पुढेही त्यांची गणना प्रांतिक, म्हणजे दुय्यम श्रेणीतच झाली. जगदीशचंद्र बसूंना इंग्रज सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. भारतीय माणूस विज्ञानात मूलभूत काम करू शकत नाही, हे गृहीत धरूनच सारी व्यवस्था चालली होती. पालित आणि घोष यांनी त्यावर लेख लिहिला नाही, ठराव मांडला नाही. त्यांनी सहा खुर्च्या तयार केल्या.

सरकारने या विज्ञान महाविद्यालयासाठी पैसा दिला नाही. तरीही २७ मार्च १९१४ रोजी, कुलगुरुपदाची मुदत संपायला काही दिवस उरले असताना, आशुतोषांनी त्याची कोनशिला बसवली.

मग आली ती माणसे. रसायनाच्या पालित अध्यासनावर प्रफुल्लचंद्र राय. पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनासाठी आशुतोषांनी हेरला वित्त खात्यातील एक तरुण अधिकारी, जो कचेरीच्या आधी आणि नंतर बऊबाजार रस्त्यावरील विज्ञान संस्थेत प्रयोग करीत असे. ही संस्थाही डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभी केलेली, हे जाता जाता सांगतो. त्या अधिकाऱ्याने जवळपास निम्म्या वेतनावर १९१७ मध्ये अध्यासन स्वीकारले. परदेशी प्रशिक्षणाची एक अटही होती. ती पाळण्यास त्याने नकार दिला आणि आशुतोषांनी मार्ग काढला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला तेव्हा ते पालित प्राध्यापक होते. १९३० चे नोबेल पारितोषिक भारतात आले, त्यामागे एका बॅरिस्टरची आयुष्यभराची मिळकत होती. पालित १९१४ मध्येच निवर्तले होते.

घोष अध्यासनांपैकी वनस्पतिशास्त्राची खुर्ची एका मालवणच्या माणसाकडे गेली: शंकर पुरुषोत्तम आघारकर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. सह्याद्रीतील नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडवणारे निसर्गवेडे संशोधक. घोष निधीच्या साहाय्याने ते जर्मनीत गेले आणि महायुद्ध पेटल्याने तेथे स्थानबद्ध झाले. सुटकेनंतर बर्लिनची पीएच.डी. मिळवून ते परतले व १९४६ पर्यंत कलकत्त्याला होते. त्यानंतर ते पुण्यात आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची संशोधन संस्था त्यांनी उभी केली; आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या व्यापाऱ्याचा पैसा कलकत्त्याला गेला होता, बंगाली वकिलाच्या पैशाचे फळ पुण्याला मिळाले. प्रांताप्रांतांतील हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात सापडणार नाही.

हे सारे गोड गोड सांगून मी थांबलो तर आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. मेघनाद साहा यांची गोष्टही सांगितली पाहिजे. दुकानदाराच्या घरातून आलेला, याच महाविद्यालयात अध्यापक झालेला हा तरुण १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडून जगभर गाजला. १९२१ मध्ये खैरा देणगीतून निर्माण झालेले अध्यासन त्याला मिळाले. खुर्ची होती, पण प्रयोगशाळेला पैसा नव्हता, साहाय्यक नव्हता. दोनच वर्षांत साहा अलाहाबादला निघून गेले. ते परतले १९३८ मध्ये. दात्याने खुर्ची दिली, तिच्यासमोरच्या मेजाचे काय? आपल्या निधीच्या चर्चेत हा प्रश्न मला कोठे दिसला नाही, म्हणून आवर्जून मांडतो.

याच काळात विद्यापीठ कर्जात होते आणि प्राध्यापकांचे वेतन थकत होते. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण विद्यापीठाच्या कारभारावर नियंत्रण आणणाऱ्या अटींसह. तेव्हा पुन्हा कुलगुरुपदी असलेल्या आशुतोषांनी अधिसभेत ते साफ नाकारले. पैशाच्या मोबदल्यात स्वातंत्र्य विकणार नाही, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. काही जण विचारतील, पालितांची अट चालली आणि सरकारची का नाही? मला फरक असा दिसतो: पालितांनी अट घातली ती निवडीचे क्षेत्र ठरवणारी होती. त्या खुर्चीवर बसलेल्याने कोणता प्रयोग करावा, कोणता निष्कर्ष काढावा, यात त्यांनी बोट घातले नाही. सरकारला नेमके तेच घालायचे होते.

आणि प्रफुल्लचंद्र. १९२१ मध्ये ते साठ वर्षांचे झाले, तेव्हा उरलेल्या सेवाकाळातील आपले संपूर्ण वेतन त्यांनी रसायन विभागाच्या विकासासाठी आणि संशोधन शिष्यवृत्त्यांसाठी विद्यापीठाला देऊन टाकले. त्यानंतर पंधरा वर्षे ते शिकवीत राहिले. विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीतच एका खोलीत राहत. ज्याच्यासाठी दान दिले, त्यानेच ते परत केले, असा दाखला अन्यत्र शोधून सापडायचा नाही.

आता आजचे बोलू. मोठी दाने आजही होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये बागची आणि पार्थसारथी या दोन दाम्पत्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला पदव्युत्तर वैद्यकीय शाळा व रुग्णालय यांसाठी ४२५ कोटी रुपये दिले. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानी यांनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीला, १५१ कोटी रुपये कोणतीही अट न घालता जाहीर केले; आपले गुरू प्रा. मनमोहन शर्मा यांच्या शब्दाखातर. परंतु ही देशातील अग्रगण्य संस्थांची भाग्ये. जिल्ह्याच्या गावातील पदव्युत्तर विभागाकडे कोण पाहणार? तेथे मंजूर जागा रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावत असतात.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर आपली मोठी भिस्त आहे, असे आपल्या पत्रकावरून दिसते. त्याबाबत सावध करणे माझे कर्तव्य आहे. जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार कंपन्यांना हा पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घालता येत नाही. त्यातून यंत्र येईल, एखादा प्रकल्प होईल, शिष्यवृत्ती वाटली जाईल. व्याजावर चालणारे अध्यासन त्यातून होणार नाही. ते व्यक्तींनाच करावे लागेल. आपल्याला, सेवानिवृत्तांना, डॉक्टर-वकिलांना, परदेशी गेलेल्या मुलांना. आणि नुसते व्याज खर्चून भागत नाही. दरवर्षी त्यातला काही भाग मुद्दलात परत टाकला नाही तर महागाई तो निधी आतून पोखरते. शंभर वर्षांपूर्वीच्या दहा लाखांत चार प्राध्यापक पोसले जात. आज त्या आकड्यात एकाचेही वर्षाचे वेतन भागत नाही.

नावाचा मोह असेल तर असू द्या. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख देऊन आईचे नाव दिले, त्यात त्या विद्यापीठाचे काही उणे झाले नाही. अध्यासनाला आईवडिलांचे नाव अवश्य द्या. फक्त त्याच्या दानपत्रात ग्रंथ, रसायने, एक साहाय्यक यांची तरतूद वेतनाइतक्याच स्पष्ट शब्दांत लिहा आणि निवड समितीत दात्याच्या घरातील कोणीही असणार नाही, हेही लिहा. मसुदा अद्याप पक्का झालेला नाही, असे प्राचार्यांनी मला सांगितले. म्हणून हे आजच बोललो.

मी एक धनादेश सोबत आणला आहे. रक्कम पत्रकाराच्या ऐपतीची आहे. सोबतच्या पत्रात प्रयोजन म्हणून ‘संशोधक विद्यार्थ्याचे विद्यावेतन’ असे लिहिले आहे. तो कार्यालयात कोणाकडे द्यायचा, तेवढे सांगावे.