पाणी कोणाच्या हाती?

2016 च्या उन्हाळ्यात आपल्या देशाने पाण्याच्या दोन आगगाड्या पाहिल्या. पहिली मिरजेहून निघून 12 एप्रिलला लातुरास पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसरी मे महिन्यात महोब्यासाठी म्हणून झाशीच्या स्थानकात येऊन उभी राहिली. ती हवी की नको, यावर दिल्ली आणि लखनौ यांच्यात वाद जुंपला. आणि अखेर पाहिले तो टाक्या रिकाम्या!

त्याच रेल्वेच्या आसऱ्याने वाढलेली प्रेमनगर ही झाशीतील सामान्य माणसांची वस्ती. राजधान्यांतील वादांशी अशा वस्तीला कर्तव्य नसते. नळाला पाणी किती वाजता येईल आणि हंडा भरण्यापूर्वी ते जाईल काय, एवढाच तिचा प्रश्न असतो.

झाशीला पाऊस कमी पडतो असे मात्र नाही. वर्षाकाठी सरासरी आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस तेथे होतो. परंतु बुंदेलखंडाची भूमी ग्रॅनाइट खडकाची आहे. पाणी तीत मुरत नाही, उतारावरून धावत जाऊन बेतवेला मिळते. आपल्या मराठवाड्यातील काळ्या पाषाणाचीही थोडीफार हीच रीत. अशा प्रदेशात धावते पाणी अडविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. चंदेल राजांनी तो ओळखला होता. महोब्याचे कीरतसागर आणि मदनसागर हे तलाव त्याची साक्ष देत आहेत. झाशीजवळचा बरुआसागर ओरछाच्या राजाने अठराव्या शतकात बांधविला. खुद्द झाशीत नेवाळकरांच्या कुलदेवतेचे, महालक्ष्मीचे, मंदिर ज्याच्या काठी आहे ते लक्ष्मीताल मराठी माणसास परके वाटू नये.

पुढे नळ आले आणि तळी पोरकी झाली. ज्या पाण्याला काठावरची माणसे जपत होती, त्याचा कारभार कचेरीत गेला. तळ्यात सांडपाणी शिरले, काठावर अतिक्रमणे झाली. मी स्वतः शासनाच्या सेवेत आहे, म्हणून सांगतो : कागदावर तळ्याला खातेक्रमांक असतो, परंतु त्याचा गाळ उपसणारे हात कागदातून निर्माण होत नाहीत.

आता केन आणि बेतवा या नद्या जोडण्याच्या योजनेची पायाभरणी 25 डिसेंबर 2024 रोजी झाली आहे. तिच्यापायी पन्नाच्या व्याघ्रवनाचा मोठा भाग आणि काही गावे पाण्याखाली जाणार आहेत. तिचे लाभ मोठे असतील, असे म्हणतात. ते खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. कालव्यातून आलेले पाणी गल्लीच्या टोकाच्या घरी समान पोहोचेल, हे कोण पाहील?

या प्रश्नाचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी शोधले होते. 1970 नंतरच्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या त्यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरविला. भूमिहीनासही त्यात हक्क दिला. बुंदेलखंडातही आज पाणी पंचायती आहेत, आणि त्यांत निळ्या साड्यांतील ‘जल सहेली’ म्हणविणाऱ्या स्त्रिया गावची तळी उपसतात, हातपंप दुरुस्त करतात आणि अधिकाऱ्यांना जाबही विचारतात.

मला यातील मर्म असे दिसते. जिच्या डोक्यावर हंडा आहे तिला पाण्याचा हिशेब सर्वांत अधिक कळतो. पण ज्या बैठकीत पाण्याचा निर्णय होतो तेथे तिला क्वचितच जागा असते. धरणे बांधावीत, नळही घालावेत. परंतु प्रेमनगर असो की लातूरची एखादी गल्ली, पाणी किती वाजता सोडावे, कोणत्या विहिरीचा गाळ आधी काढावा, गळती कोठे आहे, हे ठरविताना त्या गृहिणीचे मत नोंदवून घेतले पाहिजे आणि ते बंधनकारक मानले पाहिजे. तिला ती जागा मिळाली, तर झाशीच्या स्थानकात पाण्याची गाडी पुन्हा बोलवावी लागणार नाही.