बोटाने ओढा, मग वहीत लिहा
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



चिटणीसांनी मला मुलांच्या अभ्यासावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काही शिक्षक नाही. बँकेत जन्मभर आकडेमोड केलेला माणूस. पण आज एक कबुली द्यायची आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा माझा मुलगा नववीत होता. शाखेतून दमून यायचं आणि त्याला गणिताला बसवायचं. उत्तर चुकलं की माझा आवाज चढायचा, कधी हातही उठायचा. त्याचं गणित सुधारलं नाहीच. माझ्यासमोर वही उघडणं मात्र त्याने बंद केलं.

गेल्या उन्हाळ्यात सातवीतली नात आली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश, हे तोंडपाठ. "का गं?" विचारलं तर गप्प. माझा आवाज चढणार, तेवढ्यात मुलाने माझ्या मोबाइलवर 'जिओजेब्रा' घेऊन दिलं. म्हणाला, "बाबा, रागावू नका, हे बघा."

ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी विद्यार्थी असताना 2001 मध्ये सुरू केलेलं हे साधन. घरच्या अभ्यासाला पैसे पडत नाहीत, आणि ॲप एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. नातीने त्रिकोण काढला, कोन मोजले आणि एक टोक बोटाने ओढलं. कोन बदलत राहिले, बेरीज हलली नाही. "आजोबा, कसाही ओढा, 180च!" पण दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मग वहीत शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन ओळखले आणि तिचं तिलाच कारण सापडलं.

दुसऱ्या दिवशी माझा विषय घेतला: व्याज. आपल्या भागात सावकाराचं व्याज 'शेकडा तीन' असं बोलतात. ऐकायला किरकोळ! पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे 36 टक्के. आम्ही दहा हजारांच्या कर्जाचे दोन आलेख काढले. खाली महिने, वर रक्कम. सरळव्याजाची रेष सरळ गेली: 24 महिन्यांनी 17,200. दरमहा चक्रवाढीची रेष वर वळली: 24 महिन्यांनी 20,328, आणि 48 महिन्यांनी 41,323. नात म्हणाली, "आजोबा, हे शाळेत असं का नाही दाखवत?" मला मात्र हिशेब न कळता कागदावर अंगठा देऊन बसलेले आणि मग बँकेच्या दारात आलेले शेतकरी आठवले.

सुरुवात कशी करायची? माझा अनुभव सांगतो. एका वेळी एकच साधन, एकच धडा. लहान मुलांना अपूर्णांकांसाठी 'फेट' चांगलं. नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं. पडद्याला हात लावण्याआधी मुलाला विचारा, "काय होईल असं वाटतं?" अंदाज वहीत लिहू द्या. मग ओढून बघू द्या. शेवटी "असं का झालं?" हे त्याच्याच शब्दांत लिहू द्या. वीस मिनिटं पुरे. मोबाइल हातात देऊन आपण मालिका बघायला जायचं नाही. शेजारी बसायचं आणि तोंड आवरायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मोबाइल चुकीवर ओरडत नाही, म्हणून मूल पुन्हा करून बघतं. मला हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

येत्या रविवारपासून सकाळी दहाला मी सोसायटीच्या हॉलमध्ये बसणार आहे. पाचवी ते दहावीच्या मुलांनी यावं. वॉचमनच्या आणि कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांनीही यावं. वही-पेन्सिल आणा, मोबाइल माझा आहे.

पहिल्या रविवारी माझा मुलगाही येणार आहे. आता आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो.