परीक्षानळीची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आनंदाच्या या प्रसंगी रसायनशास्त्रासारखा रुक्ष मानला जाणारा विषय मी मांडीत आहे, यास कारण आहे. येथील पालक मला वारंवार विचारतात, "मुलगा बी. एस्सी.ला गेला, पण असेंद्रिय रसायन त्याच्या ध्यानात राहत नाही. पाठ तरी कसे करावे?" याचे उत्तर मी माझ्या एका फजितीवरून देतो.

पदवीच्या पहिल्या वर्षी आम्हांस क्षारांचे विश्लेषण करावे लागे. अज्ञात क्षाराच्या द्रावणात प्रथम विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावयाचे. चांदी वा शिसे असल्यास पांढरा साका मिळतो. तो न मिळाल्यास पुढे हायड्रोजन सल्फाइड वायू सोडावयाचा. तांबे असल्यास काळा साका येतो. मला पहिल्या पायरीवर काही मिळाले नाही, दुसरीवर काळा साका मिळाला. शेजाऱ्याने 'तांबे' लिहिले होते. मीही तेच लिहिले.

आमच्या प्राध्यापकांनी वही पाहून शांतपणे विचारले, "तांब्याचे द्रावण निळसर असते. तुमचे तर पाण्यासारखे होते ना?" मी निरुत्तर झालो. द्रावण गरम असतानाच मी आम्ल घातले होते. शिशाचे क्लोराइड गरम पाण्यात बरेच विरघळते. म्हणून शिसे पहिल्या पायरीवरून निसटून दुसरीवर सापडले होते. सरांनी मूळ द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातले. पिवळा साका आला. तो पाण्यात उकळून विरघळविला आणि नळी निवू दिली, तो आत सोन्याच्या वर्खासारखे स्फटिक चमकू लागले! गुण गेले, शिसे मात्र जन्माचे लक्षात राहिले.

आवर्त सारणीचेही असेच आहे. पाठ करणाऱ्यास ती नावांची जंत्री वाटते. परंतु मेंडेलेव्हने 1869 साली ती मांडली, तेव्हा मूलद्रव्यांचे गुणधर्म जुळेनात तेथे ओढूनताणून नाव न घालता त्याने जागा मोकळी ठेवली. अॅल्युमिनियमखालील रिकाम्या जागेसाठी त्याने अणुभार सुमारे 68 आणि घनता सुमारे 5.9 वर्तविली. 1875 साली फ्रान्समध्ये ब्वाबोद्रानला गॅलियम सापडले. त्याने प्रथम घनता 4.7 मोजली. मेंडेलेव्हने पुन्हा मोजण्यास सुचविले. शुद्ध नमुन्याची घनता 5.9 च्या आसपास भरली. जे ठाऊक नाही ते कोरे ठेवण्याचा प्रामाणिकपणा असा फळास आला.

पालकहो, परमुलखात मुलांनी मागे पडू नये ही आपली चिंता मी जाणतो. तरीही मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेतून घरी आल्यावर, "किती गुण मिळाले?" हे आधी विचारू नका. "आज नळीत काय पाहिलेस?" असे विचारा, आणि ते मराठीत सांगावयास लावा. इंग्रजीत घोकलेले जर आईला समजेल अशा भाषेत सांगता आले, तर ते खरोखर समजले. अडखळले, तर मेंडेलेव्हप्रमाणे जागा कोरी ठेवून उद्या पुन्हा पाहावे. शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर तेवढे लिहू नये.